नमुना क्रमांक एक

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता मॅडम निवृत्त झाल्या. त्यांनी नमुन्यांच्या यादीवर सही केली, निघताना गूळ संशोधनाच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी मांडणीची किल्ली शिपाई मारुतरावांच्या हातात दिली आणि रिक्षाने घरी गेल्या. यादीत एकशे बारा नमुने होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या अधिकाऱ्यांनी मोजणी केली. मांडणीवर एकशे अकरा भरले.

नमुना क्रमांक एक जागेवर नव्हता.

मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात शेतीच्या बातम्या बघतो. निरोप समारंभाची बातमी पुरी करायला मी त्या सकाळी तिथंच होतो. गुळाच्या मूठभर तुकड्यासाठी एवढी शोधाशोध कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण ज्यांनी ती मांडणी पाहिली आहे, त्यांना माहीत आहे की तिच्यावरचा तुकडा कधी हलत नसे.

मांडणीवरचे सगळे तुकडे फसलेल्या प्रयोगांचे होते. काचेची झाकणबंद बरणी, आत तुकडा, बाहेर चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, हंगाम आणि शेवटी ‘कारण’. करपला. मळी राहिली. चुना जास्त. सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांवर एकच कारण होतं : माहीत नाही.

कॉलेजची मुलं प्रयोगशाळा बघायला आली की मॅडम त्यांना आधी या मांडणीपुढे उभं करायच्या. एकदा एका मुलीनं विचारलं, “मॅडम, चांगले झालेले कुठं ठेवलेत?”

“ते लोकांनी खाल्ले,” मॅडम म्हणाल्या.

त्यांचं गाव हातकणंगले तालुक्यातलं. परिसंवादात त्या शुद्ध बोलत. खाली उतरल्या की पुन्हा गावाकडची बोली. कोणी काहीही सांगायला आलं, तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : “लिवलंसा न्हवं?” गुऱ्हाळवाला म्हणाला, औंदा गूळ घट्ट होईना, तर “कवापास्नं? लिवलंसा न्हवं?” मारुतराव म्हणाले, फ्रीज बंद पडलाय, तर “किती वाजता पडला? लिवलंसा न्हवं?” मारुतरावांच्या मुलीचं लग्न ठरलं, ते पेढे घेऊन आले. मॅडमनी पेढा घेतला आणि तारीख विचारली. मारुतरावांनी खिशातून कागद काढून दाखवला. “लिवूनच आणलंय मॅडम.”

गूळ तपासताना त्या अंगठा दाबून बघत, मग अंगठ्याचा वास घेत आणि तोच अंगठा लावून वहीचं पान उलटत. त्यांच्या वह्यांचे कोपरे एकमेकांना चिकटलेले असत. त्या वह्यांना मुंग्या लागत. मारुतराव दर महिन्याला वह्या उन्हात मांडत.

पहिल्यांदा त्यांना भेटलो त्याला आता बारा वर्षं झाली. कोल्हापूरच्या गुळाचं जुनं दुखणं तुम्हाला ठाऊक असेल. पावसाळ्यात तो पाझरतो. हवेतला ओलावा धरतो, मऊ पडतो, पोत्यातून पाणी गळायला लागतं. मॅडमनी त्यावर एक उपाय शोधला होता. उकळत्या रसातली मळी वर यावी म्हणून गुऱ्हाळात भेंडीचं चिकट पाणी घालतात. त्याऐवजी त्यांनी सावरीच्या झाडाच्या सालीचं पाणी घालून बघितलं. राधानगरी रस्त्यावरच्या एका गुऱ्हाळात एक अख्खा हंगाम प्रयोग चालला. निम्म्या आधणांत भेंडी, निम्म्यांत साल. आधण म्हणजे काहिलीत, गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईत, एका वेळी शिजणारा रस. दोन्हींतले तुकडे प्रयोगशाळेत उघड्यावर ठेवले. पावसाळा सरला तेव्हा भेंडीचे तुकडे ताटलीत पसरले होते. सालीचे कोरडे होते. अंगठा दाबला तर ठसा उठत नव्हता.

मी बातमी केली. ‘आता पावसाळ्यातही गूळ पाझरणार नाही’ असा मथळा मीच दिला. पहिल्या पानावर, चार कॉलम.

पुढच्या हंगामात वीस-बावीस गुऱ्हाळांनी सावरीची साल वापरली. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा गूळ नेहमीसारखाच पाझरला.

जुलैतली गोष्ट. मी मॅडमच्या खोलीत बसलो होतो. एक गुऱ्हाळमालक प्लॅस्टिकचं घमेलं घेऊन आत आले. घमेल्यात गुळाचा रवा होता, म्हणजे अख्खी ढेप. तिला चांगलंच पाणी सुटलं होतं. त्यांनी घमेलं मॅडमच्या टेबलावर कागदांच्या वर ठेवलं.

“हे घ्या. तुमचं झाड.”

मॅडमनी वही ओढली. “कुठल्या दिवशी पाझराय लागला? लिवलंसा न्हवं?”

“लिवायचं काय त्यात? हात लावा की, कळंल!” मग ते माझ्याकडे वळले. “आणि पावणं, ह्ये तुमच्या पेपरात वाचून केलंय आमी. आता ह्येबी छापा की.”

मॅडमनी अंगठा दाबला. तो आत गेला. त्यांनी वास घेतला, घमेल्याखालचे ओले कागद बाजूला केले आणि लिहायला लागल्या. मालक थोडा वेळ उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि हळूहळू सगळं सांगायला लागले. ऊस कुठला, आधणं किती, पाऊस कधी लागला. जाताना रवा तिथंच ठेवून गेले. घमेलं मात्र नेलं.

त्या आठवड्यात संचालकांनी मॅडमना बोलावलं. आत काय झालं ते मॅडमनी मला सांगितलं आणि संचालकांनी नंतर ते नाकारलं नाही. संचालक म्हणाले, यंदा पाऊस जास्त झाला, असं कारण देता येईल. मॅडम म्हणाल्या, “सर, माझ्या खोलीतही तेवढाच पाऊस झाला. तिथले तुकडे कोरडे आहेत.”

ते खरं होतं. वीस-बावीस गुऱ्हाळांचा गूळ पाझरला होता, पण पहिल्या गुऱ्हाळातून त्या वर्षी आलेले सालीचे तुकडे पुन्हा कोरडेच राहिले होते. झाड तेच, साल तीच. संचालकांच्या मते ही समाधानाची गोष्ट होती. मॅडमची झोप त्यानंच उडाली. पेपरात त्यांच्या नावानं छापलं गेलं होतं, लोकांनी त्या भरवशावर आपला माल पणाला लावला होता, आणि हे एकाच ठिकाणी का जमतं, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

त्या गुऱ्हाळातल्या गुळव्याचं नाव ज्ञानूआण्णा. काहील चुलवणावरून कधी उतरवायची हे ठरवतो तो गुळव्या. आण्णा ते काम चाळीसेक वर्षं करत होते. मॅडम पहिल्या दिवसापासून त्यांच्या घरी जेवत. गुऱ्हाळाच्या मागेच घर. आण्णांच्या पत्नी, ज्यांना सगळे आक्का म्हणत, ताटात भाकरी आणि वाटीत गरम काकवी वाढत. मॅडम दोन वाट्या घेत. तिसऱ्या वाटीवरून दोघींचं रोज भांडण होई.

नवा हंगाम लागला तशा मॅडम हातात घड्याळ घेऊन तिथं गेल्या. तीन दिवस काहिलीपासून चार हातांवर बसल्या. काहीच विचारलं नाही. फक्त वेळा लिहिल्या. मारुतराव सोबत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी वही मिटली.

“आण्णा, सालीचं आधण तुम्ही जादा येळ ठेवताय.”

“व्हय की,” आण्णा म्हणाले.

“मळीबी तीनदा काढताय. भेंडीच्या आधणाची एकदाच.”

“व्हय.”

“का?”

आण्णांना प्रश्नच कळला नाही, असं मारुतराव सांगतात. त्यांनी झारा बाजूला ठेवला. “मॅडम, सालीचं आधण तुमचं हाय. त्ये काय असंतसं उतरवू? तुमी आमच्यात जेवताय. पावण्याच्या ताटात कोण करपल्याली भाकरी वाढतंय?”

“आणि भेंडीचं?”

“ती आमची रोजची. ती कशीबी चालत्यात.”

मॅडम आधी हसल्या. मोठ्यानं हसल्या. मग चिपाडाच्या ढिगावर जाऊन बसल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, “किती येळ जादा ठेवत होता?”

“त्ये हाताला कळतंय.”

“लिवलं...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. तो प्रश्न त्यांनी अर्ध्यावर सोडल्याचं मारुतरावांनी एकदाच पाहिलं.

आण्णांना तोवर कळलं होतं की काहीतरी बिघडलंय. “माझं चुकलं काय?”

“तुमचं न्हाय, आण्णा. कुठलं आधण कुठलं हे तुमाला कळायलाच नको हुतं. त्ये मला कळाय पायजे हुतं.”

दोन वर्षांचा प्रयोग गेला. सालीनं नव्हे, आण्णांच्या हातानं गूळ टिकला होता. आणि तो हात जास्त मायेनं चालला होता, कारण मॅडम त्यांच्या घरी जेवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्या कचेरीचा जिना चढून आल्या. त्यांना बातमी हवी होती. प्रयोग फसल्याची.

आमचे त्या वेळचे संपादक सौम्यपणे म्हणाले, “मॅडम, फसलेल्या प्रयोगाची बातमी कोण वाचणार?”

“ज्यांनी पहिली वाचली, ते.”

“पुढं यश आलं की दोन्ही एकत्र छापू.”

“तोवर आणखी लोक साल घालतील.”

संपादकांना बैठक होती. ते गेले. मॅडम माझ्या टेबलाशेजारी दीड तास बसून राहिल्या. संपादक परत आले तेव्हा त्या तिथंच होत्या आणि टेबलावरच्या वहीवर दोन मुंग्या फिरत होत्या. बातमी घ्यायचं ठरलं. आतल्या पानावर, दोन कॉलम. मॅडम म्हणाल्या, पहिली होती तेवढीच जागा द्या. ते झालं नाही.

बातमीत आण्णांचं नाव घालायला त्यांनी मनाई केली. ‘प्रयोगाच्या आखणीत माझी चूक झाली’ हे वाक्य त्यांनी स्वतः लिहून दिलं आणि शब्द बदलू नका म्हणून बजावलं. मी बदलला नाही. मथळा होता : ‘सावरीच्या सालीने गूळ टिकत नाही’.

त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. मॅडम ज्येष्ठ होत्या. जागा दुसऱ्यांना मिळाली. त्याचा या बातमीशी संबंध होता की नव्हता, हे मला तपासता आलेलं नाही. मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ज्येचा पुरावा न्हाय ते कशाला लिवताय?”

मॅडमनी प्रयोग पुन्हा मांडला. मारुतराव आता एकसारख्या कॅनमध्ये सालीचं आणि भेंडीचं पाणी भरत, वर फक्त आकडे घालत. कुठल्या आकड्यात काय, ते एका पाकिटात बंद. मॅडमनाही माहीत नसे. आणि दुसरा नियम त्यांनी स्वतःपुरता केला. प्रयोग चालू आहे त्या गुऱ्हाळात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. येताना डबा आणायचा, पाण्याची बाटली आणायची, आणि रस्त्याकडेच्या बांधावर बसून खायचं.

गावात लोक बोलले. मॅडम शिष्ट झाल्या. पेपरात नाव आलं की असंच. आक्कांनी पहिल्या दिवशी ताट वाढून ठेवलं होतं. ते झाकलेलंच राहिलं. आण्णांनी आठवडाभर कॅन हुंगून बघितले. “ह्यो मॅडमचा न्हवं का मारुतराव?” मारुतराव आभाळाकडे बघत. शेवटी आण्णा वैतागले.

“सांगू नका जावा. मी आता समदीच आधणं मॅडमची समजतो.”

आणि तसंच केलं. प्रत्येक आधणाची मळी तीनदा काढली, प्रत्येक काहील उशिरा उतरवली. पावसाळ्यानंतर पाकीट फोडलं तर सालीचे तुकडे कोरडे होते आणि भेंडीचेही कोरडे होते.

साल काहीच करत नाही, हे त्यातून पक्कं झालं. जे करत होतं ते मॅडमनी पुढच्या हंगामात घड्याळ आणि तापमापी लावून मोजलं. मळी नीट काढली आणि आधण थोडं जास्त वेळ ठेवलं तर गूळ टिकतो. पण रंग बदलतो, गूळ काळपट होतो. बाजारात पिवळ्या गुळाला मागणी. व्यापाऱ्यांनी काळपट गूळ मागं सारला. गुऱ्हाळवाल्यांनी दोन-चार दिवस करून बघितलं आणि सोडून दिलं.

“म्हणजे हेही फसलं,” मी म्हणालो.

“फसलं कुठं? निकाल आलाय. कुणाला आवडला न्हाय, एवढंच.”

त्या गुऱ्हाळात पुढंही दर हंगामात मॅडमचं काही ना काही चालू राहिलं. चुन्याचं प्रमाण, उसाच्या जाती, काहिलीचा पत्रा. त्यामुळे नियमही चालू राहिला. आण्णांना तो शेवटपर्यंत पटला नाही. माझ्यापाशी एकदा म्हणाले, “बाई साधी हाय वो. पर माझ्या हातचं खात न्हाय.” मॅडम दिसल्या की ते काहिलीवरून ओरडत, “मॅडम, आलासा? काकवी उतरलीया!” मॅडम बांधावरून ओरडत, “वास आला की, आण्णा!” हे दर वर्षी चाललं. दोघांपैकी कोणीही ते सोडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आण्णा गेले. चार दिवसांचा ताप. मॅडम भेटायला गेल्या तेव्हा मीही बरोबर होतो. गुऱ्हाळ सुरू होतं. काहिलीवर आण्णांचा मुलगा उभा होता. आक्कांनी चहा आणला, गुळाचा. मॅडमनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“प्या की मॅडम आता तरी,” आक्का म्हणाल्या. “आता कोण तुमच्यासाठी आधण जादा ठेवतंय?”

मॅडमनी खिडकीतून काहिलीकडे पाहिलं. “पोरगा उभा हाय की, आक्का.”

आक्कांनीच कप मॅडमच्या हातातून काढून घेतला. परतताना गाडीत मॅडमनी वही काढली नाही.

आता नमुना क्रमांक एकबद्दल. आण्णांनी मॅडमसाठी म्हणून उतरवलेल्या पहिल्या आधणाचा तो तुकडा. त्या मांडणीवर धड राहिलेला तेवढा एकच. बाकीचे पसरले होते, बुरसले होते, काही काळे पडले होते. हा बारा पावसाळे कोरडा राहिला होता. बघायला येणारे विचारत, हा तर चांगला आहे, मग फसलेल्यांत का? मॅडम चिठ्ठी दाखवत. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात होतं : ‘फसलेला. कारण : पाहुणचार.’

त्याचा कपचाही त्यांनी कधी कुणाला दिला नाही. एकदा दुसऱ्या राज्यातून आलेल्या शास्त्रज्ञांनी तपासायला थोडा मागितला. मॅडम म्हणाल्या, दुसरा कुठलाही न्या. त्यांना दुसरा नको होता.

त्या सकाळी नव्या अधिकाऱ्यांनी मांडणीखाली वाकून पाहिलं, कपाटामागं बॅटरी मारली. बरणी जागेवरच होती. धुतलेली, पुसलेली, झाकण लावलेली. चिठ्ठीही तशीच होती. मारुतराव पुन्हा पुन्हा सांगत होते की किल्ली त्यांच्याकडेच होती. रात्रभर उशाखाली होती.

“पण मॅडमनी एकशे बारावर सही केलीय,” नवे अधिकारी म्हणाले.

मग मारुतरावांना नमुन्यांच्या आवक-जावकेची वही आठवली. ती खालच्या खणात होती. पानं कोपऱ्याला चिकटली होती, ती नखानं सोडवावी लागली. आवकेच्या बाजूला बारा वर्षांच्या नोंदी होत्या. जावकेची बाजू बाकी कोरी होती. तिच्यावर एकच नोंद होती, आदल्या दिवशीच्या तारखेची, वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. यादीवर सही झाल्यानंतरची. अक्षर मॅडमचं. मारुतरावांनी ओळखलं, मीही ओळखलं.

नव्या अधिकाऱ्यांनी ती मोठ्यानं वाचली आणि मी उतरवून घेतली :

‘नमुना क्र. १. बाहेर नेला. कारण : खाण्यासाठी.’